काकांचा ओरण

माझ्यावर सर्वांत मोठा उपकार कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी भंडाऱ्याच्या मागवाल्या काकांचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव डोमाजी. हातमागावर पंचे विणत, म्हणून सारी गल्ली त्यांना मागवाले काका म्हणे. त्यांचा माग दोनच कारणांनी थांबायचा: धागा तुटला तर, नाहीतर गोष्टीत ओरण आला तर.

साकोलीपलीकडच्या आमच्या गावातून मी कॉलेजसाठी भंडाऱ्याला आलो आणि काकांच्या बाहेरच्या खोलीत पाच वर्षं राहिलो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकायचो. काकांची नजर तेव्हा जवळजवळ गेली होती. काठाच्या साड्या विणणं सुटलं होतं. साधे पंचे ते बोटांच्या अंदाजावर विणत. एकदा माझं पुटपुटणं ऐकून त्यांनी आतून हाक मारली, "बाबू, पोटात काहून वाचून राहिला? बाहेर काढ ना आवाज. कोनाच्या बापाले भेतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयाचं जुनं कार्ड माझ्या हातात दिलं. तिथे 'नीलगडाची गाथा' नावाची कादंबरी होती, सात जाडजूड भागांची. बर्फातलं राज्य, गादी हरवलेली राणी मृणा, तिचा तलवारबाज शरभ, डोंगर जाळणारा सर्प. "पहिल्या भागापासून आण," काका म्हणाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी मागाशेजारी बसून मोठ्याने वाचू लागलो.

वाचताना काका गप्प बसत नसत. सर्प आला की म्हणत, "एवढं मोठं जनावर खाते काय? आपल्या तलावातले सारे मासे त्याच्या एका घासाचे." शेजारचे गृहस्थ दारातून चिडवत, "काका, म्हातारपणी राक्षसाच्या गोष्टी आयकून राहिले?" काका आडव्या धाग्याचा धोटा न थांबवता उत्तर देत, "तू टीव्हीत रोज सासवा पाहतं, त्याच्यापेक्षा राक्षस बरा."

मला शरभ आवडायचा. जळत्या पुलावर तो एकटा उभा राहतो, ते प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. काकांचा जीव मात्र ओरणात होता. ओरण म्हणजे राणीच्या सैन्यापुढे मशाल धरून चालणारा म्हातारा. हातात शस्त्र नाही. दहा-वीस पानांत एखादी ओळ त्याच्या वाट्याला येई. ती आली की माग थांबे. "पुन्हा वाच," काका म्हणत. "राजे काय, बदलते. अंधारात पुढं कोन चालते, ते पाहा."

काकांचा एक नेम होता. कापड उतरवलं तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं ते मागावरच ठेवत आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन जोडत. दिवस जाई त्यात. "माग रिकामा झाला का घर खायले उठते," असं ते सांगत. काकू वारल्या त्या आठवड्यातही काका नवा ताणा जोडत बसलेले मी पाहिले.

तेव्हा आमचा पाचवा भाग चालू होता. वाचायचं प्रकरण मी आधी एकदा मनात वाचून ठेवत असे. त्यात बोगद्यात दरड कोसळते आणि ओरण मरतो. लेखकाने त्याच्यासाठी एकच ओळ खर्च केली होती. संध्याकाळी त्या ओळीशी मी पोहोचलो आणि अडखळलो. माग थांबला.

"काहून थांबला?"

"पानं चिकटली होती, काका."

त्यांनी धोटा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "बरं. सावकाश वाच."

ती ओळ मी गाळली. पण ओरण जिवंत राहिला तर तो पुढे दिसायला हवा. मग सहावा भाग संपेपर्यंत मीच त्याला चालवलं. तो घाट उतरला, त्याने नदी ओलांडली, सैनिकांना दटावलं, हसवलं. वर्गात एक प्रश्न विचारायची हिंमत नसलेला मी, रोज मनची चार वाक्यं ठसक्यात बोलू लागलो. काका मान डोलावत. "आज ओरण लय बोलला," असंही एकदा म्हणाले.

पदवी झाली, बी.एड. झालं, जालन्याकडे शाळेत नोकरी लागली. निघताना काकांनी माझा हात चाचपून धरला. "सातवा भाग तूच सांगजो. दुसऱ्याच्या तोंडून मले नाही आयकायचा. पत्रात लिही, फोनवरचं हवेत जाते."

सातवा भाग मिळवून वाचायला मला चार महिने लागले. मग पत्र टाकलं. ते पोहोचलं तेव्हा काकांना जाऊन तीन दिवस झाले होते.

त्यांच्या मुलीचा, सुनंदाताईंचा, फोन आला. त्यांनी ते पत्र मागाजवळ बसून मोठ्याने वाचलं होतं. म्हणाल्या, "बाबू, पाचवा भाग बाबांनी डोळे होते तेव्हाच वाचला होता. ओरण मेला त्या दिवशी जेवले नव्हते. तू वाचायचास तेव्हा मी त्यायले म्हटलं, 'बाबा, तो तर मेला ना?' तर मलेच दटावलं. 'चूप राय. पोरगा त्याले जगवून राहिला.'"

ते पत्र असं होतं.

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

सातवा भाग वाचून झाला. राणी नीलगडावर परत आली. शरभाने तलवार बर्फात पुरली. सर्प मेला नाही, झोपला आहे. तुम्हाला हे पटेल असं वाटतं.

काका, एक गोष्ट कबूल करायची आहे. ओरण पाचव्या भागातच गेला. मी ती ओळ तुम्हाला वाचली नाही. काकूंना जाऊन महिना झाला नव्हता आणि मला ते जमलं नाही. त्यानंतरचा ओरण पुस्तकातला नव्हता, माझा होता. तुमच्याशी मी वर्षभर खोटं बोललो. भेटल्यावर रागवा.

शेवटच्या पानावर गडाचं दार उघडतं. आत अंधार आहे आणि राणी आत जाते, एवढंच लिहिलं आहे. तिच्या पुढे कोण होतं ते लिहिलेलं नाही. मी तिथे पेन्सिलीने ओरणाचं नाव लिहिलं आहे.

पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी आहे. पुस्तक घेऊन येतो. तोवर नवा ताणा जोडून घ्या, माग रिकामा ठेवू नका.

तुमचा,
बाबू