पलीकडच्या टोकाचा माणूस

कुंपणाची तार ताणायला दोन माणसं लागतात. एकानं मशीनचा दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं पार पलीकडच्या खांबाला तळहात लावून उभं राहायचं. फिरवणाऱ्याला तार किती आली ते कळत नाही. ते कळतं खांबाला, आणि खांबाकडून तळहाताला. पलीकडचा ‘बस!’ म्हणाला की थांबायचं. चाळीस वर्षं थोरल्या भावानं दांडा फिरवला आणि धाकट्यानं ‘बस’ म्हटलं. एरवी धाकटा फारसा बोलत नसे. गिऱ्हाइकं म्हणायची, “यांना शब्द एकच येतो, पण काय वेळेवर येतो!”

थोरला तीन महिन्यांपूर्वी गेला. धाकट्याला रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त हात असून नसल्यासारखे झाले होते. चहा गरम आहे हे ओठ पोळल्यावर कळायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

आज धंद्याला चाळीस वर्षं झाली म्हणून पुतण्यानं, थोरल्याच्या मुलानं, जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं. जाळीची भेंडोळी भिंतीकडे सारून अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्यांसमोर एक तार ताणून दाखवायची होती. सकाळीच त्यानं काकाला गाठलं होतं.

“काका, शाळेच्या मैदानाचं काम आलंय. तुम्ही टोकाला असाल तर धरतो. नसाल तर नाही म्हणून कळवतो.”

“बघू.”

“‘बघू’ नको. आज तार ताणली की सांगा.”

गिऱ्हाइकांतले रोपवाटिकावाले उठून बोलले, “यांचं कुंपण घातल्यापासून शेजाऱ्याच्या शेळ्या येत नाहीत. आता शेजारीच येऊन बसतो!” हशा पिकला. धाकटाही हसला, हसायचं असतं तेवढं.

मग तो खांबापाशी गेला. तळहात टेकवला. पुतण्या दांडा फिरवू लागला. तार उचलली गेली, सरळ झाली, बारीक गुणगुणू लागली. हाताला काहीच लागेना. पुतण्या काकाकडे बघत फिरवतच राहिला. खांबाच्या बुडाशी माती भेगाळली.

“बस!”

आवाज मागून आला. कचेरीच्या दारात वहिनी सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. पुतण्या दांडा धरून जागीच थांबला.

“म्हणजे शब्द घरातच आहे अजून!” रोपवाटिकावाले ओरडले. टाळ्या पडल्या.

वहिनी ट्रे ठेवून खांबाशी आली.

“तुम्हाला कसं कळलं?” त्यानं विचारलं.

“माझ्या खिडकीखालीच तर तारा तपासायचात दोघं. तारेच्या आवाजावरून तुमच्या आधी मी मनातल्या मनात ‘बस’ म्हणून मोकळी व्हायचे.” मग हळूच, “हाताला लागत नाही का, भाऊजी?”

“नाही.”

“कधीपासून?”

त्यानं खांबावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. खांबावरून त्याचा हात बाजूला केला आणि तिथं आपला ठेवला.

धाकटा अंगण ओलांडून पुतण्याकडे गेला.

“शाळेला हो म्हणून कळव. टोकाला आई राहील.”

“आणि तुम्ही?”

“सरक.”

त्यानं तार सैल केली आणि दांडा धरला. थोरल्याच्या हातानं झिजलेला दांडा. गार होता की उन्हानं तापलेला, त्याला समजलं नाही. फिरवणाऱ्याला समजावं लागतही नाही. वहिनीकडे नजर लावून तो फिरवू लागला.