भाड्याची फौज

आमचे बाबा पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आले की सोबत चकल्या, मेतकूट आणि संरक्षणविषयक मतं घेऊन येतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी यूट्यूबवर इतकी युद्धं पाहिली आहेत की एखाद्या जनरलनेही त्यांचा सल्ला घ्यावा. मी त्यांची थट्टा करतो, पण माझं मत काही वेगळं नाही. अबूधाबीत रविवारी मिसळ खाताना आम्ही सगळे मराठी हेच तर म्हणतो: इथल्या लोकांनी रक्षणाला अमेरिका ठेवली आहे, सोसायटीला वॉचमन ठेवतात तशी.

माझे साहेब इथलेच, अमिराती. त्यांच्या मुलाने सक्तीची लष्करी सेवा पुरी केली आणि मग तो आपणहून सैन्यातच राहिला. त्याला सरहद्दीवर जायचं होतं, म्हणून आदल्या दिवशी आम्हाला सहकुटुंब जेवायला बोलावलं. नुकतेच आकाशात क्षेपणास्त्रं अडवल्याचे धमाके मुसफ्फ्याच्या औद्योगिक भागात आमच्या ऑफिसपर्यंत ऐकू आले होते. त्याची आई त्याच्या ताटात सारखं वाढत होती आणि तो मुकाट्याने खात होता.

जेवणानंतर गाहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, वाटी फिरू लागली. बाबा शेजारी बसलेल्या माझ्या मल्याळी सहकाऱ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "लड़का परेड करेगा, और क्या. लड़ाई हुई तो अमेरिका लड़ेगा. भाड़े की फौज है इनकी."

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो.

साहेबांनी कौतुकाने विचारलं, "व्हॉट इज युअर फादर सेइंग?"

"ही इज ब्लेसिंग युअर सन," मी म्हणालो.

साहेबांचे वडील समोरच बसले होते. तरुणपणी ते व्यापारासाठी मुंबईला जा-ये करत. हे मला माहीत होतं. इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना हिंदी येतं, तरी हिंदीत बोललं की ते आपल्यातच राहतं, अशी आपल्या लोकांची ठाम समजूत. साहेबांच्या वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी," ते बाबांना शांतपणे म्हणाले, "अमेरिका है, फ्रान्स भी है. हम छोटा मुल्क है, सबसे दोस्ती रखना पड़ता है. लेकिन जिस दिन उनका मर्जी नहीं हुआ, उस दिन कौन आएगा? इसलिए पोता जाता है." आणि मग खरोखरच उत्सुकतेने विचारलं, "आपके घर से कौन है फौज में?"

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. देशप्रेमाचे इतके व्हिडिओ फॉरवर्ड केले आम्ही, पण घरातलं एक नाव सांगता येईना. साहेबांनाही एव्हाना सगळं कळलं असावं, कारण ते माझ्याकडे बघायचं टाळत होते.

साहेबांच्या वडिलांना उत्तर दिलं माझ्या बारावीतल्या मुलीने. तिच्या आवाजात राग नव्हता, विचारलं म्हणून तिने सांगितलं.

"नोबडी, ग्रँडपा. आय वॉन्टेड टू अप्लाय धिस इयर. डॅड सेड, लेट अदर पीपल्स किड्स डू दॅट."