मोठ्या सिस्टरांचा इंग्रजीचा पेपर

वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे. उंचीने त्या सगळ्यांत लहान होत्या, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती. नवऱ्यामागे मुलगा वाढवला तो याच वॉर्डाच्या जिवावर, आणि नवरा गेल्याचं दुःख गिळलं तेही इथेच, दुसऱ्यांची दुखणी काढता काढता. घरी त्या पाहुण्यासारख्या असत. खरं घर म्हणजे खाटांच्या त्या दोन रांगा.

मग हॉस्पिटल नव्या मालकांकडे गेलं आणि फर्मान निघालं. यापुढे वॉर्डाचे अहवाल इंग्रजीत, आणि लेखी परीक्षा पास होणार नाही त्या सिस्टरने खाली तळघरात, चादरींच्या कोठारात जायचं. मोठ्या सिस्टर दोनदा नापास झाल्या. तिसरी संधी शेवटची होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चादरीला काय विचारायचं, झोप लागली का म्हणून?

सून शाळेत इंग्रजी शिकवायची. सासूने सुनेपुढे शिकायला बसावं हा प्रसंग कोणत्याही सासूवर येऊ नये, पण सिस्टरांनी अभिमान गुंडाळून ठेवला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर त्या पेन्सिलीने वाक्यं लिहायच्या, सुनेने चूक दाखवली की खोडरबराने पुसून पुन्हा लिहायच्या. सगळं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. वर्णनाचे शब्द, ज्यांना सून मॉडिफायर म्हणायची, ते भलत्याच्याच गळ्यात पडायचे. हे वॉर्डाचं वळण. पाळी बदलताना तिथे आधी त्रास सांगायचा, माणूस मागाहून. सिस्टर इंग्रजीतही आधी ताप लिहायच्या, त्याला लागूनच घाईघाईने डॉक्टर आणायच्या, आणि पेशंट बिचारा वाक्याच्या टोकाला. परिणामी ताप डॉक्टरांनाच भरायचा.

"आई, ज्याचा ताप त्याच्याच शेजारी ठेवा," सून सांगायची.

पहिल्यांदा दोघी पोट धरून हसल्या होत्या. पुढे पुढे कोणी हसेना. सिस्टर जेवताना वाक्यं पुटपुटत बसायच्या आणि ताटातलं तसंच राहायचं. एकदा त्यांनी पेन्सिल भिंतीवर भिरकावली, मग स्वतःच वाकून पलंगाखालून काढली. आता डोकं चालत नाही, मला सोडून दे, असं त्या म्हणाल्या. सुनेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं वाक्य घातलं. पोरगी चिवट होती. होता होता सिस्टरांना आपली चूक आपली आपण दिसायला लागली. लिहून झाल्यावर दिसायची, पण दिसायची.

परीक्षेच्या हॉलमध्ये पेन्सिल चालत नव्हती. सिस्टरांनी पेन घेतलं, सूचनांचं पान न वाचताच उलटलं आणि सरळ प्रश्नाला हात घातला. लिहून झाल्यावर वरपासून वाचत गेल्या. भलत्याला चिकटलेला एकेक शब्द हुडकला, त्यावर काट मारली आणि तो ज्याचा त्याच्याजवळ नेऊन बसवला. बाहेर आल्या तेव्हा त्यांना कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली होती.

निकालात त्यांच्या नावापुढे पास नव्हतं आणि नापासही नव्हतं. 'रद्द' होतं. दोघी कचेरीत धावल्या. कारकुनाने पेपर काढून समोर ठेवला. पानभर सह्या होत्या. वॉर्डात पेनने लिहिलेलं बदलायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची, म्हणजे लपवाछपवीचा संशय नको. पेन हातात आलं आणि सिस्टरांचा हात वॉर्डातल्यासारखा चालला. जितकी दुरुस्ती तितकी सही. आणि पेपरवर लिहिणाऱ्याची ओळख दिसली की तपासणाऱ्याने तो न वाचताच बाजूला ठेवायचा, असा नियम. पहिल्याच पानावर छापलेला.

सिस्टरांनी हात जोडले. पुन्हा बसू द्या, तेही नको असेल तर निदान एकदा वाचून तरी बघा, अशी गयावया केली. कारकून वाईट नव्हता. माझा नाइलाज आहे, असं खाली मान घालून म्हणाला आणि पेपर परत फायलीत घातला.

बाहेर जिन्यात सुनेने कठडा धरला.

"दुरुस्त्या मी वाचल्या, आई. सगळ्या बरोबर होत्या. एकही चुकली नाही."

सिस्टर तिच्याशेजारी कठड्याला टेकल्या.

"वर्गातल्या मुलांना मी दरवेळी बजावते, पेपरवर नाव नको, सही नको. तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

सिस्टर मटकन पायरीवर बसल्या. रडणाऱ्यांना धीर देण्यात त्यांची हयात गेली होती. हात सवयीने सुनेच्या पाठीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला.

"तू नंतर रड गं," त्या म्हणाल्या. "आज आधी मला रडू दे."