अप्पांची गाडी आणि काकूंचं डोकं

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्या. आमच्या निजामी मुलखात शाळा उर्दूतली. तीही मी मधेच सोडली. मराठी लिहायला घरीच शिकलो, त्यामुळं मोठे शब्द येत नाहीत. चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून लिहितो.

सेलूत करीमउस्तादांच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला आहे. गाडी उघडली की नुसते नटबोल्ट निघत नाहीत, गाडीवाल्याच्या घरातल्या गोष्टीही निघतात. जुने स्क्रू डब्यात साठतात तसे हे किस्से साठतात, आणि कोणता कोणत्या गाडीचा ते पुढं आठवत नाही. एका गाडीचे मात्र सगळे लक्षात आहेत.

*

ती गाडी बसलिंगअप्पांची. अप्पा कापसाचे व्यापारी. गाडी जुनी, वर कापडी छत, बाजू उघड्या. जर्मनच्या लढाईचे दिवस, पेट्रोल परमिटवर मिळायचं, आणि ही गाडी ते म्हशीसारखी प्यायची. मागून काळा धूर.

उस्तादांनी कार्बोरेटर दोनदा साफ केला. फरक नाही. शेवटी मला म्हणाले, “किसन, अप्पा के बाजू में बैठ के एक चक्कर मार. बात नक्को कर, निस्ता देख.”

बोलायचं नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

अप्पांनी चोक ओढला, म्हणजे समोरच्या फळीवरचं ते बटन. थंड इंजिन सुरू करताना ते बाहेर ओढतात, मग पेट्रोल जास्त जातं. सुरू झालं की लगेच आत ढकलायचं. अप्पांनी ढकललं नाही. खांद्यावरची भस्माची पिशवी काढली, तिची दोरी बाहेर आलेल्या बटनाला गुंडाळली आणि “शिव शिव” म्हणून गाडी सोडली. चोक बाजारापर्यंत उघडा, आणि बाजारातून घरापर्यंतही.

उस्तादांनी हात जोडले. “अप्पा, वो चोक है. खूंटी नै.”

अप्पांनी सगळी फळी नीट न्याहाळली. “मग खुंटी कुठं दिलीय ह्यांनी?”

उस्तादांनी एक हूक बसवून दिला.

*

आता काकूंचं सांगतो. काकू म्हणजे अप्पांच्या मंडळी, गिरिजाकाकू. अप्पांची मोठी बहीण अक्का झरीला दिलेली. झरीला जायचं म्हणजे गाडीनं. आणि झरीला पोचेपर्यंत काकूंचं डोकं असं दुखायचं की उतरल्या उतरल्या भिंतीला धरून बसायच्या.

अक्का चारचौघींत म्हणायच्या, “माहेरला जाताना दुखत न्हाई ते? माझ्याच उंबऱ्यावर कसं दुखतंय?”

काकूंचं माहेर रेल्वेच्या वाटेवर. तिकडं जाताना खरंच दुखायचं नाही. त्यामुळं काकूंना उत्तर देता यायचं नाही. घरात सासऱ्यांपासून गड्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की बाई ढोंग करायलीय.

चोकचं काम झाल्यावर अप्पा पुन्हा आले. उस्तादांनी विचारलं, “अब कैसा है?”

“पेट्रोल लय वाचायलंय. आमच्या मंडळी म्हणतात, डोकं पण निम्मंच दुखलं.”

“और अक्का?”

“अक्का म्हणती, निम्मं ढोंग कमी केलं.”

पुढच्या महिन्यात अक्कांच्या नातवाचं बारसं होतं. अक्कांनी निरोपच धाडला होता: ह्या बारशाला हिचं डोकं दुखलं, तर बसलिंगा, तुझ्या घराला माझा पाय लागायचा न्हाई.

*

निम्मं दुखलं, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. ढोंग निम्मं कसं होईल? आणि चोक आत गेल्यावरच का होईल?

एकदा गाडी दुकानासमोर उभी होती. मागच्या बाजूला पडदे सोडलेले, आत काकू. बायामाणसं बसली की अप्पा पडदे सोडायचे, मोठ्या घरांची तशी रीतच. आतून आवाज आला, “पोरा, तू गाडीचं बघतोस ना? मग सांग, माझं डोकं दुखतंय का न्हाई?”

मी म्हणालो, “बघून सांगतो.” डोकं कसं बघणार, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या खेपेला अप्पा एकटेच निघाले, तेव्हा धीर करून म्हणालो, “अप्पा, मी मागं बसू का? पडदे सोडून?”

“तू? पडद्यात?” अप्पा हसत सुटले. “बस बाबा. घुंगट बी घे.”

बाजारातली पोरं मागं पळाली. मी पडद्याआड बसलो. पुढं अप्पांना वारा लागत होता, मागं वारा नव्हता. थोड्या वेळानं पायाखालच्या फळ्यांमधून जळका वास यायला लागला. ओढा ओलांडेपर्यंत माझ्या कानशिलांत ठोके पडत होते. उतरलो तो भिंतीला धरूनच.

अप्पांचं हसू थांबलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग पडद्याकडं बघितलं.

*

धूर गळतो हे कळलं, पण कुठून? इंजिनातला धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारं बिडाचं एक जाड तोंड असतं. उस्ताद त्याला मनिफोल म्हणतात. त्याचा सांधा लांबलचक. फट फट आवाज तिथूनच येत होता, पण नेमकी जागा दिसेना. हात लावावा तर भाजतो.

उस्तादांची नजर हुकाला टांगलेल्या पिशवीवर गेली. जरा संकोचून म्हणाले, “अप्पा, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. ये भस्म जरा इंजिन को लगाए तो?”

मला वाटलं, आता अप्पा चिडणार.

अप्पांनी भस्म पाण्यात कालवलं, कपाळाला लावतात तसं तीन बोटांनी सांध्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं, आणि म्हणाले, “लावा हँडल.”

इंजिन सुरू झालं. भस्म वाळलं. सगळीकडं पट्टे जागच्या जागी. फक्त मागच्या टोकाला ते भुरभुर उडालं आणि तेवढीच जागा काळी राहिली. आतलं पॅकिंग जळून गेलं होतं.

उस्ताद म्हणाले, “अप्पा, तुम्हारा देव तो मिस्त्री निकला.”

“आधी सांगायचं ना,” अप्पा म्हणाले. “मी रोज कपाळालाच लावायलोय.”

लढाईमुळं नवं पॅकिंग मिळेना. कापसाच्या जिनिंगमधल्या बॉयलरवाल्याकडून न जळणारा जाड पुठ्ठा आणून उस्तादांनी त्यातून कापून काढलं. नट मी आवळले.

*

बारशाला अप्पांनी मलाही नेलं, नट आवळायचे पाने बरोबर घेऊन. पडदे सोडलेले, आत काकू. वाटेत अप्पा दोनदा थांबले. आवाज नाही म्हणजे गाडी बंद पडली, असं त्यांना वाटायचं.

एरवी फटफट ऐकून झरीला अर्ध्या कोसावरून कळायचं. या वेळी कुणालाच कळलं नाही. आम्ही अंगणात शिरलो, तेव्हा अक्का बायांच्या घोळक्यात कपाळाला हात लावून, डोळे मिटून, काकूंची नक्कल करत होत्या. “अगं बाई गं, उतरवा मला, लय दुखायलंय—”

बाया एकेक करून गप्प झाल्या. अक्कांनी डोळे उघडले. समोर काकू, ताठ उभ्या.

“अक्का,” काकू म्हणाल्या, “पाळणा कुठं बांधलाय?”

*

दोन दिवस काकूंनी कामाचा ढीग उपसला. निघताना अप्पांनी अक्कांना आग्रह केला आणि अक्का सेलूला आल्या, त्याच गाडीतून, त्याच पडद्यात, काकूंच्या शेजारी. दारात उतरल्या आणि भिंतीला धरून बसल्या.

“काय झालं अक्का?” अप्पांनी विचारलं.

“डोकं दुखायलंय.”

ओसरीवरच्या गड्याला हसू फुटलं. अप्पांनी तोंड फिरवलं. काकू मात्र हसल्या नाहीत. पाणी आणून दिलं, फडकं ओलं केलं आणि गड्याकडं बघून म्हणाल्या, “हसतोस काय? अक्का खोटं बोलत न्हाईत. गाडीच बिघडली असंल. किसन, उद्या येऊन बघ रं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाने घेऊन गेलो. गाडी सुरू केली, सांध्यावर भस्म ओढलं आणि थांबलो. ते वाळलं. कुठंही उडालं नाही.

मान वर केली तर ओसरीवर अक्का, कपाळाला फडकं, माझ्याकडंच बघत होत्या. मागं काकू उभ्या होत्या.

“काय रं,” अक्कांनी विचारलं, “गळायलंय का?”

“जरा गळायलंय, अक्का,” म्हणून मी इंजिन बंद केलं, भस्म पुसलं आणि मागच्या टोकाचे नट सैल करायला घेतले.