रेडिओ गॅलरीची हाऊझी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल. मी जी माती खाल्ली आहे ना, ती आख्ख्या घोडपदेवला माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिलात!

तर माझा एक रेडिओ आहे. डबा नव्हे हो, स्टेशन! इंटरनेटवरचं. नाव 'रेडिओ गॅलरी'. स्टुडिओ म्हणजे चाळीतली आमची दुसऱ्या मजल्यावरची खोली, एक माइक, एक लॅपटॉप आणि पाठीमागे आईच्या कुकरच्या शिट्ट्या. दिवसा मी परळच्या एका टॉवरमध्ये एसी आणि लिफ्टची देखभाल बघतो, म्हणजे काही बंद पडलं की शिव्या खातो. संध्याकाळी घरी येऊन 'नमस्कार श्रोतेहो' म्हणतो, जुनी गाणी लावतो, आणि चाळ सोडून बदलापूर-विरारला गेलेल्यांना इथल्या बातम्या देतो.

आणि आवाज! रेडिओसाठी मी एक खास आवाज कमावलाय. खोल, मऊ, जन्मभर पुण्यात राहिल्यासारखा. आई म्हणते, "सुहास, ताप इल्यासारखो कित्याक बोलतंस रे?" तिला रेडिओतलं काय कळतंय?

आता स्पर्धा म्हणाल तर एका बाजूला फोनमधली ती मोठी ॲप. बोट लावलं की जगातलं वाटेल ते गाणं हजर. पण ती परकी, त्यांचा मला राग नाही. माझं दुखणं म्हणजे मन्या! समोरच्या चाळीतला. माझ्याच खोलीत बसून, माझ्याच आईच्या हातचे घावणे हादडून हे सगळं शिकला आणि गेल्या वर्षी स्वतःचा 'रेडिओ धुमशान' काढून मोकळा झाला. माझे श्रोते एकेक करून तिकडे सरकायला लागले. बदलापूरचे पेडणेकर काका मात्र पक्के. पूर्वी आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. रोज ऐकणार आणि रोज फोन करून चुका काढणार.

स्टेशनचा खर्च उचलते ती हिरामावशी. बाजारात मासळी विकते, मी सकाळ-संध्याकाळ तिची जाहिरात करतो. एके दिवशी तिने कोयता बाजूला ठेवला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"सुहास, तुजी जायरात आयकून येक गिऱ्हाईक आला नाय. मन्या सांगतो त्याच्याकडं लई मानसं हायत. मी आता त्याला देते जायरात."

"मावशी, असं नको करूस! मला दोन रविवार दे. माझ्याकडे किती माणसं आहेत ते तुझ्या डोळ्यांनी बघ. नाही दिसली तर खुशाल जा मन्याकडे."

"दिले दोन रविवार," मावशी म्हणाली आणि पापलेटाचं डोकं उडवलं. मला उगाच मानेवरून हात फिरवावासा वाटला.

रात्रभर विचार केला. कॉम्प्युटर गाणी लावेल, पण हाऊझी खेळवेल का? आपल्या चाळीत पूजेला हाऊझी म्हटलं की अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा उठून बसतो. ठरलं! रविवारी संध्याकाळी रेडिओवर हाऊझी. तिकिटं श्रोत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट. ज्याच्या तिकिटावरचे सगळे नंबर आधी कापले जातील, म्हणजे फुल हाऊस होईल, त्याने कळवायचं, आणि बक्षीस हिरामावशीची आख्खी सुरमई! मावशीने सुरमई कबूल केली. मन्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पहिला रविवार. लॅपटॉपवर एक आकडा दिसतो, आत्ता किती फोन ऐकतायत त्याचा. बघतो तर हा आकडा! माझ्या जन्मात पाहिला नव्हता. मी घसा खाकरला, तो खास आवाज लावला आणि सुरू झालो. "सहा आणि नऊ, एकोणसत्तर! दोन बदकं, बावीस!"

थोड्या वेळात आकडा उतरायला लागला. म्हटलं, नेटवर्क असेल. अजून उतरला. आणि तेवढ्यात दाराबाहेरून कोणीतरी बोंबललं, "झालं! फुल हाऊस!"

आमच्याच मजल्यावरच्या राणेकाकू. वा! मनात म्हटलं, चाळीचं नशीब जोरात आहे. इतक्यात पेडणेकर काकांचा फोन.

"सुहास, मला एकच नंबर हवाय रे, लवकर काढ!"

"खेळ संपला, काका. राणेकाकूंचं फुल हाऊस."

"कसलं फुल हाऊस? तुझा शेवटचा नंबर माझ्याकडे अजून आलाच नाय! थांब... हा बघ, आत्ता आला. चाळीस! आणि माझं पण फुल हाऊस झालं. मला माझी सुरमई पाहिजे!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंटरनेट रेडिओची एक खोड असते. मी इथे बोललो की बदलापूरच्या फोनवर ते अर्ध्या मिनिटाने पोचतं. गाण्यांना काय फरक पडतो? पण हाऊझीला? मी दार उघडलं. आख्खी गॅलरी भरलेली! चटया अंथरलेल्या, हातात तिकिटं, मध्ये चहाचं पातेलं. सगळे माझा आवाज थेट दारातून ऐकत होते.

"फोनवर रेडिओ का नाही लावला?" मी विचारलं.

"लावलेला रे," राणेकाकू म्हणाल्या, "पण तो फोन मागाहून तेच तेच बोलतो. डोक्याला ताप. बंद केले सगळ्यांनी."

तरी म्हटलं, आकडा उतरतोय कसा! श्रोते दारात बसलेले आणि रेडिओ रिकामा. पेडणेकर काकांनी ग्रुपवर 'सुहासने सुरमई चाळीतच मुरवली' असं लिहिलं. मन्याने त्यावर हसरे चेहरे टाकले. मोजले नाहीत मी, पण स्क्रीन पिवळी झाली होती.

दुसरा माणूस असता तर गप्प बसला असता. मी तावड्यांचा आहे! ठरवलं, पुढच्या रविवारी एक अक्षर या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

पुढच्या रविवारी पुढचं दार बंद. स्टुडिओ हलवला आतल्या खोलीत, गॅसच्या ओट्याखाली. एका बाजूला सिलिंडर, दुसऱ्या बाजूला तांदळाचा डबा, मध्ये मी, आणि डोक्यावरून दोन गोधड्या. मे महिना! हातात घामाने माइक टिकेना, म्हणून नंबरांच्या चिठ्ठ्यांचा डबा आईकडे दिला. ती मधल्या दारात स्टुलावर बसून चिठ्ठी काढणार, गोधडीत हात घालून मला दाखवणार, आणि मी तो नंबर माइकमध्ये कुजबुजणार.

"सात... आणि तीन... त्र्याहत्तर..."

पेडणेकर काकांचा लगेच मेसेज आला, 'बरं नाही का? डॉक्टरला दाखव.' मी लक्ष दिलं नाही. विजय जवळ होता. आकडा कमी का असेना, पण खेळ सरळ चालला होता. आणि अचानक गॅलरीतून—

"झालं! फुल हाऊस!"

मी उठलो. ओटा डोक्यात बसला. गोधडी बाजूला फेकून बघतो तर पुढच्या खोलीची गॅलरीकडची खिडकी सताड उघडी, खिडकीत वीस-पंचवीस डोकी, आणि स्टुलावर आमच्या मातोश्री दोन्ही हातांची बोटं वर करून त्या डोक्यांना नंबर दाखवतायत! मला वाटत होतं, चिठ्ठी मलाच दाखवते.

"आई! काय चाललंय काय हे?" माझा तो खोल, मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. असा ओरडलो की कपाटावरचा पत्र्याचा डबा थरथरला.

"ओरडतंस कित्याक?" आई शांतपणे म्हणाली. "बाहेर एवढी माणसां बसलीत. दार लावन घेतलंस. त्यांका नको सांगूक?"

"अगं, खेळ रेडिओवरचा आहे! रे-डि-ओ-व-र-चा!"

"मग रेडिओर ऐकणारी खंय आसत?"

मी लॅपटॉपकडे बघितलं. आकडा होता एक. पेडणेकर काका.

आईशी हुज्जत घालण्यात पाचेक मिनिटं गेली आणि दारावर थाप पडली. आईने दार उघडलं. हिरामावशी! डोक्यावर टोपली, टोपलीत सुरमई, बक्षीस स्वतःच्या हाताने द्यायला आलेली. मी पटकन लॅपटॉप मिटला आणि पोटाशी धरला. आता ही विचारणार, मानसं कुठं हायत, आणि मी काय एक पेडणेकर दाखवू?

पण मावशी गॅलरीभर नजर फिरवत होती. चटया, तिकिटं, कठड्यावर चढलेली पोरं, जिन्यापर्यंत माणसं.

"बाप रं! येवढी मानसं तुला आयकायला?"

"हो मावशी," मी म्हटलं. खोटं बोललो का सांगा! ऐकायलाच तर बसली होती.

"आन् आत्ता वरडला कोन?"

"मीच. सॉरी मावशी."

"सॉरी काय? मी खाली नाक्यावर व्हते. तितं आयकू आला तुजा आवाज! मुडद्या, असा आवाज हाय तुजा आन् रेडिओवर मेल्यावानी बोलतोस?" तिने टोपली खाली ठेवली. "आयक. ऐतवारी सकाळी माज्या पाटीशी उभा राह्याचा आन् असाच वरडायचा. ही मानसं तितं येतील. तुज्या टेशनचा खर्च मी देते, ठरला तसा."

मी जिंकलो होतो! आनंदाने आईच्या पाया पडलो. मग मावशी जिन्यात वळून म्हणाली, "आन् रेडिओची जायरात मन्याला देते. तो येनार हाय माईक घेऊन, बाजारातून लाइव्ह करायला."

तर सध्याची परिस्थिती अशी. दर रविवारी सकाळी मी मासळीबाजारात उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडतो, "ताजा बांगडा! फडफडता बांगडा!" आणि शेजारी मन्या माइक धरून ते 'रेडिओ धुमशान'वर सोडतो. तिकडे आकडा चढतो. संध्याकाळी मी माझ्या खोलीत 'नमस्कार श्रोतेहो' म्हणतो. स्टेशन बंद केलेलं नाही आणि करणारही नाही, लिहून ठेवा!

परवा पेडणेकर काकांचा फोन आला. आवाज जरा पडलेला. "सुहास, तुझ्या भल्यासाठी सांगतो, राग मानू नको. त्या मन्याकडे बाजारातला एक माणूस आलाय. काय आवाज! काय जिवंतपणा! दर रविवारी मी त्याच्यासाठी रेडिओ लावून बसतो. तू जरा त्याच्याकडून शिक."

हो काका, म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी जिद्दीला पेटून रेडिओ गॅलरीवर तस्सा ओरडलो. ताजा बांगडा, फडफडता बांगडा, सगळं.

अर्ध्या मिनिटाने काकांचा फोन आला.

"प्रयत्न चांगला आहे रे," काका म्हणाले, "पण त्या माणसाची सर नाही."