मॅचच्या दिवशीचा उपवास

माझी नात कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये फुटबॉल खेळते. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, खेळायला परवानगी दिली ती एका अटीवर. आजी बरोबर जाईल. त्यामुळे तीन वर्षं मी वाघोलीतल्या त्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसते आहे. सकाळी मला घरात काही काम नसतं. पूर्वी शेत होतं, तेव्हा असायचं. आता शेताच्या जागी इमारती आहेत.

मी चौथीपर्यंत शिकले. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. पण रोज दोन तास एकच गोष्ट बघितली की कळायला लागतं.

नातीची फी माफ होती ती खेळाडू म्हणून. मुलाने तिला तोंडावर सांगितलं होतं, "फी माफ आहे तोवर शीक. माफी गेली की स्थळ बघू." स्थळ शोधायचंही नव्हतं, आलेलं होतं. ते लोक दर महिन्याला फोन करून काय ठरलं म्हणून विचारायचे. आणि यंदा कॉलेजने टीमला कळवलं की सलग दोन वर्षं तुम्ही पहिल्या फेरीत बाहेर पडताय. या वर्षीही पडलात तर मुलींची टीम बंद, टीमबरोबर फीमाफीही बंद. नात हे मला सांगताना बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी मान वर केली नाही.

पहिली दोन वर्षं त्यांना शिकवायला जे सर होते त्यांचा आवाज मोठा होता. शिकवायचे असं म्हणायचं, एरवी ते शिट्टी वाजवायचे. हरलात, मैदानाला दहा फेऱ्या. जिंकलात, तर माज चढू नये म्हणून पाच. खेळायची त्यांची एकच युक्ती होती. सगळ्यांनी बॉल लांब मारायचा आणि माझ्या नातीने त्याच्यामागे पळायचं. ती पळते वाऱ्यासारखी. पहिल्या मॅचला ही युक्ती चालली. दुसऱ्या मॅचपर्यंत समोरच्यांना कळली. पुढे दोन वर्षं सरांना सोडून सगळ्यांना कळलेली होती.

या जूनमध्ये सर गेले आणि एक बाई आली. तिशीची असेल, विश्रांतवाडीहून स्कूटरवर यायची. मुली तिला मॅडम म्हणायच्या, मी बाई म्हणायची, शाळेतल्यासारखं. पहिले पंधरा दिवस तिने शिट्टीच वाजवली नाही. हातात वही घेऊन माझ्या शेजारी पायरीवर बसायची आणि लिहायची. मला वाटलं, ही कॉलेजने हिशोब मांडायला पाठवलेली दिसते.

मग एका सकाळी तिने मला विचारलं, "आजी, घरी दोर आहे का? लांब, जाडसर?"

गुरांचा होता. दुसऱ्या दिवशी नेला. तिने तो मागे खेळणाऱ्या चार मुलींच्या कमरेला बांधला, मधे चार-चार पावलं अंतर ठेवून. एक पुढे गेली की चौघींनी पुढे, एक डावीकडे सरकली की चौघींनी डावीकडे. पहिल्या दिवशी चौघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. हसू आलं नाही मला. खुरपणीला आम्ही बायका अशाच ओळीत बसायचो. एक भराभर पुढे गेली की तिच्या शेजारचं गवत राहून जायचं, आणि मालक ओरडायचा तो मागच्या बाईवर. सरांच्या वेळी मागे राहिलेल्या गवतातून समोरची टीम गोल मारायची आणि शिव्या खायची ती गोलकीपर. हे मला त्या दोराने कळलं.

बाईने फेऱ्या बंद केल्या. लांब मारणं बंद केलं. जवळचीला द्या, आणि देताना तोंडाने सांगा. दोन वर्षं गप्प खेळणाऱ्या पोरी एकमेकींना हाका मारायला लागल्या. ऑगस्टपर्यंत माझ्यासारखीलाही दिसत होतं की ही टीम वेगळी आहे.

तरी पहिली मॅच हरलो.

गटात तीन मॅच होत्या. पहिलीत हाफ टाइमपर्यंत एका गोलने पुढे होतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल खाल्ले. पोरी उभ्या राहिल्या होत्या नुसत्या. बॉल शेजारून जात होता आणि त्या बघत होत्या. बाईने सगळ्यांना बसवून विचारलं, "काय झालं? कोणाला बरं नाहीये का?" एकही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला माहीत होतं काय झालं ते.

त्या दिवशी सगळ्यांना उपवास होता.

हे माझ्यामुळे झालं होतं. आदल्या वर्षी एक मॅच अंगारकीला आली. चार मुलींना उपवास होता, त्यात माझी नात. आणि त्या दिवशी टीम जिंकली. वर्षातली एकच मॅच जिंकली ती. मी आनंदाच्या भरात म्हणाले, "बघा, उपवास पावला. धरत जा." मी बोलून गेले, पोरींनी ते धरलं. मॅचच्या आदल्या रात्रीचं जेवण झालं की मॅच संपेपर्यंत फक्त चहा. वार कुठलाही असो. टीममध्ये एक मुसलमान मुलगी आहे, तीसुद्धा धरायची. म्हणायची, "आजी, आम्हाला प्रॅक्टिस आहे." सरांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, पुढे बाईलाही सांगायचं नाही असं आपोआप ठरलं. मॅच संपल्यावर खायची खिचडी मी डब्यात घालून न्यायची. अठरा जणींची.

हरल्या की त्यांना वाटायचं कोणीतरी मोडला असेल. एकमेकींना शपथा घालून विचारायच्या. उपवासामुळे हरतोय हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मला उन्हात उपाशी काम करणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. पण मी म्हटलं, मी सांगितलं आणि बाईने नातीला काढलं तर? आणि मी कोणत्या तोंडाने सांगू? अशी मी गप्प बसले.

दुसऱ्या मॅचला नात मैदानात पडली. पायात गोळा आला, मग दोन्ही पायांत, मग ओकली. पोटात चहाशिवाय काही नव्हतं, तोच पडला. मॅच बरोबरीत सुटली. आता तिसरी जिंकली तरच पुढची फेरी, नाहीतर टीम संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईला बाजूला घेतलं.

"बाई, पोरी मॅचच्या दिवशी जेवत नाहीत."

"कमी खातात?"

"खातच नाहीत. उपवास धरतात. सगळ्या."

"गोलकीपरसुद्धा?"

"सगळ्या म्हटलं ना."

"कोणी सांगितलं त्यांना हे?"

"मी."

तिने वही मिटली. "आजी, कोण कितव्या मिनिटाला पळायचं थांबते ते मी लिहून ठेवलंय. मला वाटलं माझाच सराव चुकतोय. रोज घरी जाऊन काय बदलू ते शोधतेय मी."

"मग आता कळलं."

"हो. तीन दिवस आधी कळलं. उपकार झाले तुमचे."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

तिने मुलींना सांगितलं की मॅचच्या दिवशी अकरा वाजता डबा घेऊन मैदानावर यायचं आणि तिच्यासमोर जेवायचं. जी जेवणार नाही ती खेळणार नाही. पोरींना लगेच कळलं कोणी सांगितलं ते. नातीने घरापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

आणि तो दिवस नेमका संकष्टीचा निघाला.

अकरा वाजता अठरा जणी डबे पुढे ठेवून बसल्या होत्या आणि एकही उघडत नव्हती. कॅप्टन म्हणाली, "मॅडम, आज संकष्टी आहे. पुढच्या मॅचपासून नक्की."

"आज हरलात तर पुढची मॅच नाहीये," बाई म्हणाली.

"आणि आज मोडला आणि हरलो तर?"

पायाला गोळा का येतो, पोटात किती तास आधी काय हवं, हे बाईने तीन दिवस समजावलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं.

लग्न झाल्यापासून मी चतुर्थी मोडलेली नाही. नवरा गेला त्या महिन्यातही धरली होती. मी माझा डबा उघडला. नातीचा भरताना माझाही भरून घेतला होता, पोळी आणि मुगाची उसळ. पहिला घास घेतला. भूक लागली होती, चांगला लागला.

"मी सुरू केलं, मी मोडलं," मी म्हटलं. "पाप लागलं तर मला लागू दे, माझे किती दिवस उरलेत. जेवा."

आधी कॅप्टनने डबा उघडला, मग गोलकीपरने. एकेक करत सगळ्या जेवल्या. माझ्या नातीने डबा उघडलाच नाही.

मी तिच्याजवळ गेले. "खा."

"नाही."

"माझ्यावर राग आहे तर घरी काढ. आत्ता खा."

"तुझा काय संबंध? तू सांगितलं म्हणून धरत नाहीये मी. मी मागितलंय काहीतरी."

"काय मागितलंस?"

"कॉलेज," ती म्हणाली. "अजून काय मागणार?"

बाई वही घेऊन आमच्यापर्यंत आली. डब्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि पुढे गेली. तीन वाजता टीम मैदानात उतरली तेव्हा नात बाहेर बाकावर होती, डबा मांडीवर. तिच्या जागी बिबवेवाडीहून येणारी एक बुटकी मुलगी पुढे खेळत होती. ती नातीच्या निम्म्या वेगानेही पळत नाही.

हाफ टाइमला मी बाईकडे गेले. "अहो बाई, पाया पडते. तिला घ्या. तीच एक गोल मारते."

"आजी, सतरा जणी माझ्यावर विश्वास ठेवून जेवल्यात. तुम्हीही जेवलात. आता तिला घेतलं तर त्यांना काय सांगू?"

"तिचं शिक्षण बंद होईल."

"हरलो तर सगळ्यांची टीम बंद होईल. मागे व्हा."

मी मागे झाले. माझ्या नातीचं कॉलेज टिकावं म्हणून मी आता अशा टीमला जिंक म्हणत होते जिच्यात माझी नात नव्हती. देवाला काही सांगायची सोय राहिली नव्हती, पोटात उसळ होती. पायरीच्या दगडाला धरून बसले. ऊन तोंडावर आणि गोल एकही नाही.

शेवटची पंधरा मिनिटं सुरू झाली. दर मॅचला इथेच त्या उभ्या राहायच्या. मी डोळे मिटले नाहीत, बघत होते कोण पहिली थांबते. थांबली नाही कोणी. थांबली ती समोरची टीम. मागच्या चौघी दोर नसताना दोर बांधल्यासारख्या सरकत होत्या. त्या बुटक्या मुलीकडे बॉल आला, ती पुढे पळालीच नाही, तिने मागे कॅप्टनला दिला. माझ्या नातीने कधी दिला नसता. कॅप्टनने मारला आणि आत गेला. उरलेली मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. जिंकलो एवढं खरं.

मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत होत्या. नात माझ्याकडे आली आणि डबा माझ्या हातात दिला.

"माझ्या उपवासानं जिंकलो," ती म्हणाली.

"जा, बाईला सांग तसं," मी म्हटलं.

घरी मुलाने विचारलं, "हिने किती गोल मारले?"

"टीम जिंकली."

"ही खेळली का पण?"

"बसली होती."

"बसायला फी माफ करतात?"

"करतात. तुझं काय जातं?"

पुढच्याच मॅचला हरलो, पण फेरी गाठली होती. फी माफ राहिली, यादीत तिचं नाव होतं. स्थळाला मुलाने सांगितलं, एक वर्ष थांबा. एकच वर्ष. नात आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी सरावाआधी बाईसमोर उभ्याने तिने सगळा डबा संपवला, माझ्याकडे पाठ करून, आणि पळायला गेली. आता तिला मागच्या बाजूला खेळवतात. तिला ते आवडत नाही.

गेल्या आठवड्यात कळलं की बाईंची नेमणूक अकरा महिन्यांचीच होती आणि पुढचं काही ठरलेलं नाही. जुने सर परत येणार असं मुली म्हणतात. मी ऑफिसात गेले.

क्लार्क म्हणाला, "आजी, तुमचं काय काम?"

"नात टीममध्ये आहे. फुटबॉलच्या बाईंबद्दल बोलायचंय."

"काय केलं त्यांनी?"

"माझ्या नातीला बाहेर बसवलं."

"मग तक्रार अर्ज लिहा."

"तक्रार नाही. त्यांना ठेवा म्हणून सांगायला आलेय."

त्याने चष्मा काढला. "असा अर्ज नसतो हो आजी."

"मग कोरा कागद द्या."

त्याने दिला. मी बाकावर बसून लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, एका ओळीत चार शब्द बसतात. या बाई गेल्या की टीम पडेल, टीम पडली की माझी नात घरी बसेल, एवढंच लिहिलं. खाली सही केली. त्याने कागद घेतला, वाचला आणि सोमवारी या म्हणाला. सोमवारी गेले तर म्हणाला, पुढच्या सोमवारी या.