मस्कत ते बडोदे: खऱ्या लग्नाचा पुरावा आणायला

लोक बडोद्याला राजवाडा बघायला जातात. आम्ही आमचं लग्न खरं आहे का, ते बघायला गेलो.

आधी नाती सांगून टाकतो, म्हणजे वाचताना घोळ होणार नाही. तो घोळ आमचा एकदा घालून झालाय, तेवढा पुरे. मी खानदेशातल्या खेड्यात शिकलो, बडोद्याच्या कारखान्यात नोकरीला लागलो आणि पुढे मस्कतला आलो. माझी पहिली बायको कुंदा मी बडोद्यात असतानाच वारली. मस्कतला विभा भेटली. तीही मूळची बडोद्याची, पण कॉलेजच्या वयात अमेरिकेला गेलेली आणि तिथली नागरिक झालेली. आता इथल्या शाळेत गणित शिकवते. पंचेचाळिशीत आम्ही बडोद्याला जाऊन, चार माणसांत लग्न केलं.

यंदा न्यू जर्सीत तिचे वडील घरातच पडले. एकटे असतात. शाळेला सुट्टी लागली की विभाने कायमचं तिकडे जायचं, हे ठरलेलं. मला नवरा म्हणून तिकडे राहण्याचा व्हिसा मिळाला तर दोघांनी जायचं, नाहीतर तिने एकटीने. मग पुढची भेट कधी, ते देव आणि वकिलात जाणे.

अशा अर्जासोबत लग्न खरं असल्याचे पुरावे जोडावे लागतात. बँकेचं एकत्र खातं, घराचा करार, दोघांचे हसरे फोटो. खोटं लग्न करणारे हे सगळं फाईल लावून ठेवत असणार. खरं लग्न केलेल्यांकडे काय असतं? पाण्याच्या बाटल्यांचं बिल आणि एकमेकांवरचा राग.

आमच्या लग्नाचा फोटो एकच. दुसरेपणाचं लग्न, त्यात हे वय, फोटोग्राफर कशाला, असं मीच म्हणालो होतो. त्या फोटोत विभा पाटावर बसली आहे, कुंदाची आई तिच्या गळ्यात टाक बांधते आहे, शेजारी मी हात जोडून उभा आणि मागे भिंतीवर हार घातलेली कुंदा. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. आमच्याकडे दुसरी बायको वारलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालते आणि पहिलीचं माहेर ते तिचंही माहेर होतं. हा टाक कुंदाच्या आईंनी, म्हणजे आता दोघांच्याही आईंनी, स्वतः लहरीपुऱ्याच्या सोनाराकडे बसून करून घेतला होता.

हा फोटो मी अर्जाला जोडला. खाली इंग्रजीत, मराठी शाळेत शिकलेल्या प्रामाणिकपणाने लिहिलं: माझी बायको, माझी सासू आणि माझी पहिली बायको.

उत्तर आलं. पहिलं लग्न संपल्याचा दाखला पाठवा. फोटोतल्या सासूचं नाव अर्जातल्या पत्नीच्या आईच्या नावाशी जुळत नाही, खुलासा करा. त्यांचं काही चुकलं नाही. दोन बायका असल्याचं इतक्या आनंदाने, फोटोसकट कोणी कबूल केलं नसेल.

"अहो, वारली असं लिहायचं ना!" विभा म्हणाली.

"हार दिसतोय की."

"तिकडे हार विमानतळावर उतरणाऱ्यालाही घालतात."

कुंदाच्या मृत्यूचा दाखला माझ्याकडे नव्हता. कधी घेतलाच नाही. जिची खात्री होती त्या गोष्टीचा दाखला कशाला? ती बडोद्याजवळ डभोईला शाळेत शिकवायची, तिथेच शाळेत कोसळली, तिथल्याच दवाखान्यात गेली. नोंद तिथल्या कचेरीत. तेव्हा दाखला डभोईहून, आणि आईंचं प्रतिज्ञापत्र बडोद्यातून, असा आमचा सहलीचा कार्यक्रम ठरला.

असंच काही आणायला जाणाऱ्यांसाठी: मस्कतहून अहमदाबादला उतरा आणि तिथून बडोद्याची बस घ्या. नवा एक्सप्रेसवे इतका गुळगुळीत आहे की शेजाऱ्याच्या हातातला चहा सांडत नाही. दोन्ही बाजूंना मोबाईलच्या आणि गृहकर्जाच्या पाट्या. देशाने दारं उघडली म्हणतात ते खरं आहे. वस्तूंना नुसतं आत यायचं असतं. माणसाला बाहेर जायचं तर आधी तो कोणाचा कोण ते सिद्ध करावं लागतं.

आई निजामपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. कुंदा त्यांची एकुलती एक. दार उघडताच त्यांनी मला नजरेने तपासलं.

"या जावईबापू. मस्कतला न्हावी नाहीत वाटतं?"

मग विभाला जवळ घेतलं, तिच्या गळ्यातला टाक पदराने पुसला आणि माझ्याकडे वळल्या. "माझ्या मुलीला जेवायला घालता की नाही? पगार बेस येतो ना?"

विभाला त्यांनी कधी जावयाची बायको म्हटलं नाही की नाव घेऊन हाक मारली नाही. माझी मुलगी, एवढंच. आम्हाला ते गोड वाटायचं. त्याचा पुढे सरकारी त्रास होईल, हे ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवउसळ खाऊन कोर्टाकडे निघालो. बडोद्यात कोणत्याही कचेरीत जाण्याआधी शेवउसळ खाऊन घ्यावी. तोंडाची आग झालेला माणूस रांगेत वाद घालत नाही. स्टॅम्पपेपर बाहेरच्या टेबलावर मिळतो, झेरॉक्स मागतील त्याच्या दुप्पट काढून ठेवाव्यात आणि दुपारच्या जेवणाआधी पोहोचावं, कारण कचेरीत जेवण वेळेवर होतं.

नोटरी वकील मराठीच होते, जुन्या बडोद्यातले. त्यांनी आईंना खुर्ची दिली.

"आजी, तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी."

"आणि ती वारली."

"वारली कशाला? ही काय समोर बसलीय."

वकिलांनी विभाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, या कोण?"

"माझी दुसरी बायको."

"आजी, पहिली मुलगी, कुंदाबेन..."

"पहिली-दुसरी काय? एकच आहे म्हटलं ना. गळ्यात टाक आहे तिच्या, बघा हवं तर. नीट लिहा, बराबर."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "असं लिहिलं तर साहेब अमेरिकेला नाही, दुसरीकडेच जातील."

मी समजावून पाहिलं. आई, फक्त कागदापुरतं. आईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. "कागदापुरतं म्हणजे काय? खोटं कागदापुरतंच असतं ना?" आणि उठून बाहेर रिक्षापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मीही प्रतिज्ञेवर लिहून देतो की इतकी खरं बोलणारी साक्षीदार त्या कोर्टाच्या आवारात दुसरी नव्हती. पण आमचं काम खरं बोलण्याने अडलं होतं.

घरी आईंनी कोणालाही काही न विचारता भात लावला. स्वयंपाकघरात विभा मला हळूच म्हणाली, "राहू दे. त्यांना नका छळू. मी जाते पुढे एकटी. वर्ष, दोन वर्षं, जे काय होईल ते."

"आणि मी?"

"तुम्ही फोटोखाली काय लिहायचं त्याचा अभ्यास करा."

हसली, पण डोळे पुसायला कांद्याचं निमित्त जवळच होतं हे बरं झालं.

संध्याकाळी देवापुढे जपाला बसलो. देवाने आमच्या लग्नाला साक्ष दिली होती, पण देवाकडे शिक्का नसतो. मागणं मागायची मला सवय नाही. त्या दिवशी मागावंसं वाटलं, पण मागणार तरी काय? देवा, एका आईच्या तोंडून तिची मुलगी मेल्याचं वदवून घे, असं? माळ तशीच हातात राहिली.

सकाळी मी एकटाच डभोईला निघालो होतो. प्रतिज्ञापत्र नाही तर नाही, दाखला तरी हाती लागेल. चपला घालतोय तोवर आई पाण्याची बाटली घेऊन दारात हजर.

"मी येते."

"कशाला आई, उन्हाचं?"

"नोंद कोणी केली होती, तुम्ही? तुम्हाला तर तेव्हा धरून बसवलं होतं. काही समजणार नाही तुम्हाला तिथे."

मग विभाही निघाली. डभोईला डेपोतून बस सारख्या सुटतात, डाव्या बाजूला बसा, ऊन कमी लागतं. बाहेर कापसाची शेतं आणि मधूनमधून कारखान्यांची नवी कुंपणं. गावात शिरताना जुन्या किल्ल्याच्या दरवाजावरची कोरीव कामं बघण्यासारखी आहेत, असं सगळेच सांगतात. मी त्या रस्त्याने कुंदाला सोडायला कितीदा गेलोय, पण ती कोरीव कामं तेव्हाही पाहिली नाहीत आणि त्या दिवशीही नाहीत. खाली बघून चालत होतो.

कचेरीतल्या कारकुनाने चष्म्यावरून विचारलं, "कोनो दाखलो?"

मी तोंड उघडण्याआधीच आई खिडकीशी सरकल्या आणि ताठ उभ्या राहून गुजरातीत म्हणाल्या, "मारी दीकरीनो. मारी दीकरी गुजरी गई छे."

कारकुनाने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. साल विचारलं, सांगितलं. तुम्ही कोण? "एनी मा." सगळी उत्तरं सरळ, बाजारात भाव सांगावा तशी. माझी मुलगी वारली, हे घरच्या मराठीत जे त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते बाहेरच्या भाषेत निघालं. आम्ही दोघं मागे उभे होतो. विभाने टाक मुठीत धरला होता.

बाहेर आल्यावर आई पाणी प्यायल्या. "त्या वकिलाला म्हणावं, गुजरातीत लिही. सही करते. मराठीत मला वाचून दाखवायचं नाही."

बडोद्याला परतल्यावर वकिलांनी गुजरातीत लिहिलं. मुलगी कुंदा वारली, जावयाच्या दुसऱ्या पत्नीला रूढीप्रमाणे मी मुलगी मानते, फोटोत तिच्या गळ्यात टाक बांधणारी मीच. आईंनी सही केली आणि वकिलांना विचारलं, "आता तरी हे लग्न खरं झालं ना? मघापर्यंत आम्ही काय नाटक करत होतो?"

परत मस्कत. वकिलातीतली मुलाखत एखाद्या चहाइतकी चालली. मला वाटलं होतं, लग्नाबद्दल खोदून विचारतील. खिडकीपलीकडच्या बाईंनी प्रतिज्ञापत्राचं भाषांतर वाचलं, फोटो वाचला म्हणावं इतका वेळ पाहिला, आणि विचारलं, या आजी तिकडे एकट्याच राहतात का? मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

व्हिसा आला. आता सामान बांधणं चाललंय. घरी येऊन जमाखर्च मांडायचा तर, मी काय मिळवलं ते पासपोर्टात छापलंय. कशाच्या बदल्यात, ते छापायला त्यात जागा नाही. आईंनी जी सही केली, तीच मुलीपाठोपाठ जावयालाही सातासमुद्रापार धाडणार होती, मागे त्यांचं कोणी उरणार नव्हतं, आणि हे त्यांना सही करताना आमच्याहून आधी कळलं होतं.

विभाने फोन लावला, तेव्हा मी शेजारीच होतो.

"आई, मिळाला हो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे दोघी निघाल्या तिकडे," आई म्हणाल्या. "बरं झालं. कुंदाला बर्फ बघायची फार हौस होती. एकदा हट्टाने माउंट अबूला नेलं, तर तिथे नुसत्या गोळ्याच्या गाड्या. तिकडे पडला की टाक जरा स्वेटरच्या बाहेर काढ हं. दिसू दे तिला."